कुठं उभा हायेस?

चाळीस कळफलक एकाच क्षणी थांबले की जी शांतता पसरते, ती मी गेली अठरा वर्षे ऐकत आले आहे. भर दुपारी शिवारातले मळणीयंत्र बंद पडावे आणि कान काही काळ रिकामेच गुणगुणत राहावेत, तशी ती शांतता. तिला वासही आहे. तापलेल्या धुळीचा, बॅटऱ्यांतल्या आंबूस आम्लाचा आणि कूलरच्या ओल्या गवताचा. त्या वासातून, प्लायवूडच्या भिंतीपलीकडून, खर्जातला एक प्रश्न येतो.

"कुठं उभा हायेस?"

विचारणारे असतात आमच्या संगणक विभागाचे कडलग सर. ज्याला विचारले जाते तो विद्यार्थी मात्र खुर्चीवर बसलेला असतो. दर वर्षी नव्या वर्गातला कोणीतरी निरागसपणे उत्तर देतो, "सर, बसलोय." वर्ग हसतो. सर हसत नाहीत.

"तू बसलायस रे. तुझी काळी खिडकी कुठं उभी हाय? कोणत्या फोल्डरात? फाईल ठिवलीस मळ्यात आन् तिला हाका मारतोस बाजारात. ती येईल व्हय?"

मी मराठी शिकवते. संगमनेरच्या आमच्या महाविद्यालयात एका मोठ्या खोलीचे प्लायवूडने दोन भाग केले आहेत. मोठ्या भागात संगणकांची प्रयोगशाळा, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत मराठी विभाग. म्हणजे मी, दोन कपाटे आणि अकरा विद्यार्थी. मी विरहाची कविता शिकवत असते. कवितेतली ती उंबऱ्यावर थबकलेली असते, दिवा मंदावलेला असतो, आणि पलीकडून आदेश येतो, "आता मारा एंटर!" सुरुवातीच्या काळात मी प्राचार्यांकडे दोन लेखी तक्रारी केल्या. पुढे सोडून दिले. माणूस फार थकला की त्याला तक्रारीचाही कंटाळा येतो.

अशा रीतीने, त्या वर्गात एकदाही पाऊल न टाकता, मी जावा शिकले.

जावा ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा आहे. विद्यार्थ्याने त्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. आधी 'जावा-सी' अशी आज्ञा देऊन तो तपासून घ्यायचा. तो निर्दोष असेल तर यंत्राला समजेल अशी त्याची दुसरी प्रत तयार होते. याला कंपाईल करणे म्हणतात. मग 'जावा' अशी दुसरी आज्ञा देऊन ती प्रत चालवायची. कडलग सरांच्या भाषेत, पळवायची. ही दोन्ही कामे एका फटक्यात करणारे हिरव्या बटनाचे सॉफ्टवेअर केव्हाचे आले आहे. आमच्या तरुण विभागप्रमुखांनी ते प्रत्येक यंत्रावर बसवूनही घेतले. कडलग सरांनी वर्गाला त्याची ओळख करून दिली ती अशी : "हा पाहुणा हाय. बसू द्या त्याला. कोणी हात लावू नका."

विभागप्रमुखांनी अदबीने कारण विचारले. सर म्हणाले, "बटन दाबलं का झालं. पर काय झालं? कुठं झालं? कोणी केलं? बटनाला इचारा. सांगतंय का?"

म्हणून त्यांच्या वर्गात आजही सारे काही काळ्या खिडकीत, म्हणजे आज्ञा लिहायच्या काळ्या चौकटीत, हाताने, अक्षर अक्षर लिहून होते. एंटर मारण्यापूर्वी सर्वांनी हात वर करायचे. मग लिहिलेली आज्ञा मोठ्याने वाचायची. "जावा-सी, मोकळी जागा, मोठा एन, बारका ए..." चाळीस तोंडांतून ते ऐकताना मला पाढे म्हणणारी गावाकडची शाळा आठवे, आणि क्षणभर थकवा विसरायला होई. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'एंटर आप्पा' म्हणतात. सरांना ते ठाऊक आहे. एका मुलाने चुकून तोंडावर म्हटले, तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "मोठा ए लावतोस का बारका?"

त्यांचा दुसरा सिद्धांत वऱ्हाडाचा. एखाद्या मुलीने एंटर मारला की कधीकधी खिडकीत चुकांची रांग लागते. सतरा चुका, वीस चुका. मुलगी रडवेली होते. सर तिच्या टेबलाशी जातात; त्यांच्या चपलेचा फटक-फटक आवाज मला भिंतीतून मोजता येतो.

"रडती कशाला? वर सरक. पहिली चूक वाच."

"सर, पहिली सोडून बाकीच्या सोळा..."

"त्या सोळा न्हाईत. ते वऱ्हाड हाय. पहिली ती नवरी. नवरीला उठीव, वऱ्हाड आपसूक उठतंय."

आणि खरोखर, पहिल्या चुकीच्या जागी राहून गेलेला एक अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन, दिला की उरलेल्या सोळा चुका नाहीशा होतात. मी निबंध तपासताना ही युक्ती वापरून पाहिली आहे. मराठीत वऱ्हाड उठत नाही. मांडवात पंगत मांडून बसते.

तिसरा सिद्धांत मला सर्वांत आवडतो. मुले प्रोग्राममध्ये दुरुस्ती करतात, आणि पुन्हा कंपाईल करायला विसरून थेट पळवतात. यंत्राकडे अर्थातच आधीची प्रत असते. तीच पळते. मुलगा डोळे फाडून बघतो : दुरुस्त तर केले, मग जुनेच उत्तर का? तेव्हा सर, जणू एखाद्या आजाऱ्याला त्याच्या आजाराचे नाव सांगावे तशा हळव्या स्वरात म्हणतात, "बाळा, लिव्हलंय नवं, पळतंय जुनं."

आणि चौथा. हा सिद्धांत नव्हे, हा त्यांचा स्वभावच. जावा-सीची रीत अशी, की चूक असेल तर ती सविस्तर सांगते, पण सारे काही बरोबर असेल तर एक अक्षरही बोलत नाही. 'शाबास' नाही, 'झाले' नाही. खिडकीत नुसती पुढची रिकामी ओळ येते. नवी मुले गोंधळतात. "सर, काहीच आलं नाही!"

"काहीच आलं न्हाई म्हंजे पास. यंत्र गप बसलं का समजायचं, बरं हाय."

सर स्वतःही याच रीतीने जगतात. ज्याचे चुकले त्याच्यापाशी ते तासभर उभे राहतील. ज्याचे बरोबर आले त्याच्या टेबलावरून नुसते पुढे जातील. अठरा वर्षांत त्यांनी कोणाला 'छान' म्हटलेले मी ऐकले नव्हते, आणि माझे कान त्या भिंतीला जवळजवळ चिकटलेले आहेत.

एकदा नाशिक-पुणे रस्त्यावर माझी स्कूटी बंद पडली. ऊन असे, की डांबराचा वास जिभेवर येत होता. मी कडलग सरांना फोन केला.

"कुठं उभ्या हायेत?"

"घुलेवाडीच्या पुढे."

"समोर काय दिसतंय?"

"ऊस."

"मॅडम, ह्या तालुक्यात ऊस दिसतोय म्हंजे पत्ता न्हाई झाला."

शेवटी एका विजेच्या खांबावरचा क्रमांक वाचून दाखवला, तेव्हा त्यांचे समाधान झाले. वीस मिनिटांत ते आले. स्कूटीभोवती एक फेरी मारून त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले, आत डोकावले, "पहिली चूक," एवढेच म्हणाले, आणि येतानाच बरोबर आणलेली बाटली टाकीत रिकामी केली. मी तीनदा आभार मानले. त्यावर ते काही बोलले नाहीत. म्हणजे आभार बरोबर मानले गेले असावेत.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी त्या माझ्याकडे आल्या होत्या. तिळाचा लाडू फोडता फोडता म्हणाल्या, "ताई, लग्न झाल्यावर पहिली पाच महिनं मी रोज रडायची. जेवताना हे एक शब्द बोलायचे न्हाईत. मला वाटायचं, माझ्या हाताला चवच न्हाई. मंग एक दिवस आमटीत मीठ पडलं न्हाई, तवा बोलले, 'मीठ न्हाई.' मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, म्हंजे बाकीचे दिवस चांगलं झालं हुतं."

वहिनी हसल्या. मीही हसले. त्यांना शीतल आठवली असावी, कारण हसू अर्ध्यावरच विरले आणि त्या लाडवाचे तुकडे उगाच आणखी बारीक करू लागल्या.

शीतल ही कडलग दांपत्याची एकुलती एक मुलगी. सात-आठ वर्षांपूर्वी ती आमच्याच महाविद्यालयात, वडिलांच्याच वर्गात शिकत होती. वर्गात ते तिला 'कडलग' अशीच हाक मारायचे. मी भिंतीपलीकडून तिची तीन वर्षे ऐकली, म्हणजे खरे तर ऐकली नाहीत. ती वर्गात सर्वांत हुशार होती. तिचे प्रोग्राम पहिल्याच एंटरला गप्प बसत. आणि मग त्या फटक-फटक चपला तिच्या टेबलावरून न थांबता पुढे जात.

तिसऱ्या वर्षी ती कवितेचे पुस्तक मागण्याच्या निमित्ताने माझ्या पट्टीत आली. उन्हाळा लागला होता. कपाटातल्या जुन्या कागदांना सुकलेल्या पेरूसारखा वास येत होता. पुस्तक हातात घेऊन ती जायची थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, सांगू? मी कधीकधी मुद्दाम सेमीकोलन गाळते."

"का गं?"

"म्हणजे आप्पा माझ्या टेबलाशी येतात."

 तिने लगेच, "त्यांना सांगू नका हं," म्हणून पुस्तक छातीशी धरले आणि गेली. ते पुस्तक तिने परत केले नाही. मीही मागितले नाही.

पुढे तिला पुण्यात चांगली नोकरी लागली. चार वर्षे केली. मग दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी तिने घरी फोन करून वडिलांना सांगितले की ती नोकरी सोडते आहे. पुणतांब्याला एका मैत्रिणीच्या रानात दोघी मिळून भाजीपाल्याची रोपवाटिका काढणार आहेत. टोमॅटो, मिरची, कोबी. ती बोलत राहिली. कर्ज नाही काढत, पाणी आहे, सगळे नीट लिहून काढले आहे. मग थांबली, आणि वडिलांच्या उत्तराची वाट पाहू लागली.

सरांनी सारे लक्ष देऊन ऐकले होते. त्यांना त्यात एकही चूक आढळली नाही. म्हणून ते गप्प राहिले.

पूर्ण एक मिनिट ती शांतता ताणली गेली. मग शीतलने फोन ठेवला. त्या दिवसापासून बापलेकीत शब्द नाही. "आप्पा एक शब्द बोलले तरी मी घरी येईन," असे तिने आईला सांगून ठेवले होते. दोन दिवाळ्या गेल्या. ती आली नाही. ते बोलले नाहीत.

हे सारे वहिनींनी मला त्याच संक्रांतीला सांगितले. "रोज सातला तिचा फोन येतो. मी मुद्दाम स्पीकर लावते. हे सैपाकघराच्या दारात येऊन उभे ऱ्हातात, चौकटीला टेकून. सगळं ऐकतात. किती ट्रे भरले, कोबीला काय रोग पडला, सगळं. आत या म्हटलं तर येत न्हाईत. बोला म्हटलं तर हात हलवतात. फोन संपला का जातात. ताई, दोघं एका पिठाची. मधी माझं थालीपीठ झालंय."

मार्च उजाडला. प्रात्यक्षिक परीक्षा, मूल्यमापनाच्या फायली, दुपारची ती पांढरी झळ. मी टेबलावर डोके टेकून बसले होते, तोच प्लायवूडवर दोनदा टकटक झाली. खडू हवा असला की सर तसे करतात आणि एखाद्या मुलाला पाठवतात. मी खडू काढून ठेवला. पण यावेळी भिंतीला वळसा घालून ते स्वतःच आले. अठरा वर्षांत प्रथमच. हातात दुमडलेला कागद होता.

"मॅडम, मराठीचा कंपायलर तुमी. हे जरा तपासा."

कागदावर ओळींना क्रमांक घातलेले होते.

१. चि. शीतल हिस आशीर्वाद.
२. तू नोकरी सोडली ते ऐकले.
३. रोपवाटिका काढली ते ऐकले.
४. तपासले.
५. चूक आढळली नाही.
६. कळावे.

 हसू येत होते आणि ते कोठे ठेवावे हे कळत नव्हते.

"सर, हे पत्र नाही. हा निकाल आहे."

"पहिली चूक सांगा. बाकी वऱ्हाड."

"पहिली चूक अशी, की यात तुम्ही कुठेच नाही."

त्यांनी मान डोलावली, कागद परत घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. नव्या कागदावर चौथ्या ओळीत 'मी' असा शब्द घातलेला होता. 'मी तपासले.' तिसऱ्या दिवशी पत्राची सुरुवात, 'मी घराच्या दारात उभा असतो,' अशी होती, आणि पुढे काही सुचले नसावे, कारण एकदम 'कळावे' होते. असे तीन आठवडे चालले. पत्र सुधारत गेले. त्यात वहिनींची आमटी आली, कोबीवरच्या रोगावर एक अचूक उपाय आला, अंगणातल्या शेवग्याला आलेली फुले आली. एका मसुद्यात त्यांनी लिहिले होते, 'तू ट्रे उचलताना कंबर वाकवते असे तुझ्या आवाजावरून वाटते, गुडघे वाकवीत जा.' ती ओळ वाचून मी चष्मा पुसला. पण प्रत्येक मसुदा त्यांच्या ड्रॉवरमध्ये जाई. टपालात एकही गेला नाही.

शेवटी मीच एक दिवस थकून म्हणाले, "सर, तुमच्या मनात रोज नवे लिहिले जाते आहे. शीतलकडे दीड वर्षापूर्वीची ती एक मिनिटाची शांतताच आहे. लिव्हलंय नवं, पळतंय जुनं."

त्यांचेच वाक्य, त्यांच्याच उच्चारांत. ते माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू त्यांच्या वर्गातल्या खुर्चीने तोंड उघडले आहे.

रविवारी ते पुणतांब्याला गेले. बाभळेश्वरला गाडी बदलून, तिथून पुढे राहात्यावरून. मला राहवेना, दुपारी मीच फोन लावला, आणि आपोआप तोंडातून त्यांचाच प्रश्न निघाला.

"सर, कुठे उभे आहात?"

"टपरीवर. रोपवाटिकेच्या फाटकासमोर." मागे कपबशांचा आवाज येत होता. "दिसतेय. हातात पाण्याची नळी हाय. टोपी घातलीय, ते बरं केलं."

"मग जा ना आत."

"मॅडम, रांगा लई सरळ लावल्यात. जाळी ताणून बांधलीय. म्या सगळं बघितलं हितनं. चूक दिसत न्हाई." टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगून म्हणाले, "मंग काय बोलू?"

तीन चहा पिऊन ते परत आले.

सोमवारी मी प्लायवूडवर दोनदा टकटक केली. ते आले, हातात खडू घेऊन. मला हवा असेल असे त्यांना वाटले. मी त्यांना बसायला सांगितले. शीतलला मी मनोमन एक शब्द दिला होता आणि तो मी इतकी वर्षे पाळला होता. पण काही शब्द पाळता पाळता दुसऱ्याचे घर बंद राहते, असे मला आदल्या रात्री वाटत राहिले होते.

"सर, शीतल वर्गात कधी चुकायची का?"

"न्हाई. म्हंजे, एक सवय हुती." त्यांचा चेहरा उजळला. "सहावी ओळ. कधीमधी सहाव्या ओळीचा सेमीकोलन ऱ्हायचा. बाकी सगळं चोख, पर सहावीच ओळ. दर टायमाला मी जाऊन दाखवायचो. मला लई नवल वाटायचं. इतकी हुशार पोर, आन् सहाव्या ओळीला काय हुतं हिला?"

"ती मुद्दाम गाळायची."

कूलरमधून पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक.

"कशापायी?"

"म्हणजे तुम्ही तिच्या टेबलाशी याल."

खडू त्यांच्या बोटांत होता. तो मोडला नाही, पडला नाही. त्यांनी तो फार काळजीने माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला, समांतर. उठले आणि गेले. पलीकडे तास होता. त्या तासाला एकही प्रश्न आला नाही. चाळीस मुले एंटर मारण्यासाठी हात वर करून बराच वेळ बसली होती, असे मागाहून कळले. हात खाली घ्यायला कोणी सांगितलेच नाही.

गुरुवारी एक अघटित घडले. कोण्या मुलीचा प्रोग्राम पहिल्याच एंटरला गप्प बसला. चपलांचा आवाज नेहमीप्रमाणे तिच्या टेबलावरून पुढे गेला, तीन पावले. मग थांबला. मग परत आला.

"बरं लिव्हलंयस," सर म्हणाले.

पलीकडे अशी स्तब्धता पसरली, की माझे अकरा विद्यार्थीही वाचता वाचता थांबले. मग कोणीतरी कुजबुजले, "सरांना बरं नाही का रे?" आणि त्या मुलीने घाबरून विचारले, "सर, काय चुकलं?"

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा मसुदा आला. ओळींचे क्रमांक यात नव्हते, पण मी सवयीने मोजल्या. पत्र आता सुरेख झाले होते. साधे, थोडे अडखळणारे, त्यांच्याच चपलांच्या चालीचे. मी लाल पेन हातात घेऊन एकेक ओळ उतरत गेले. सहाव्या ओळीशी पेन थांबले. 'तुझ्या टेबलाशी यायला मला फार उशीर झाला' असे लिहिले होते, आणि पुढे पूर्णविराम नव्हता. बाकी सर्व ओळींना होता.

मी वर पाहिले. सर खिडकीबाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याकडे, विलक्षण लक्षपूर्वक बघत होते.

मी पेनचे टोपण लावले. "चूक आढळली नाही," म्हणाले.

रविवार उजाडला. माझ्या घरी पोत्याने तपासायचे पेपर होते. हाताला शाईचा आणि जुन्या गोंदाचा वास लागला होता. दुपार कलली तरी लक्ष लागेना. एक पेपर दोनदा तपासला, दोनदा वेगळे गुण दिले. अखेर मी सरांना फोन लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मी ठेवणार, इतक्यात तिकडून उचलला गेला. आधी पाण्याचा आवाज आला. पानांवर पडणाऱ्या बारीक फवाऱ्याचा, सतत, भरून राहिलेला. त्याच्या पलीकडे एका मुलीचा आवाज होता, थोडा घसा बसलेला, रागावलेला आणि हसणारा : "आप्पा, त्या ट्रेला हात नका लावू म्हटलं ना! आणि गुडघे वाकवा, कंबर नाही!"

मला काय विचारायचे होते ते सुचेना. पत्र दिले का, ती काय म्हणाली, तुम्ही काय बोललात. मग जे सुचले तेच विचारले.

"सर, कुठे उभे आहात?"

पाणी वाजत राहिले. त्यांनी घसा साफ केला.

"आत."